एप्रिल-मे मधला हिमालय : बर्फ, ऊन आणि हिमस्खलन

घाटमाथा

परीक्षा आटपल्या की पुण्या-मुंबईपासून कोल्हापूर-नागपूरपर्यंतचे ग्रुप सार पास, रुपिन, बुरान घाटी, हामटा या वाटांना लागतात. दर वर्षी इथे तेच प्रश्न येतात. बूट कुठले, कपड्यांचे थर किती, डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) घ्यावी का. हिमस्खलनाबद्दल फारसं कुणी विचारत नाही. ते जानेवारीत काश्मीरला होतं किंवा थेट एव्हरेस्टवर, अशी आपली समजूत असते. या समजुतीपोटी लोक नको त्या वेळी नको त्या उतारावर उभे राहतात, म्हणून हा धागा.

हिवाळ्यातल्या आणि वसंतातल्या हिमस्खलनाची कारणं वेगवेगळी आहेत. कडाक्याच्या थंडीत बर्फ कोरडा असतो, थरावर थर बसत जातात आणि मधला एखादा थर कच्चा राहतो. त्यावर नव्या बर्फाचा किंवा माणसाचा भार पडला की वरचा अख्खा पापुद्रा सुटतो. मार्चनंतर ऊन चढतं. वरचा बर्फ वितळून पाणी खाली झिरपतं, आणि काही दिवसांत वरपासून तळापर्यंत सगळा थर शून्य अंशावर येतो. कणांना एकमेकांशी जखडून ठेवणारे गोठलेले सांधे त्या पाण्याने सुटतात. हेच पाणी खाली एखाद्या कडक पापुद्र्यावर, गुळगुळीत कातळावर किंवा आडव्या झालेल्या गवतावर अडलं, की वरच्या सगळ्या भाराला धरायला काही उरत नाही.

मग रात्र होते. आभाळ मोकळं असेल तर वरचा थर पुन्हा गोठतो, पहाटे त्यावर बूट खणखण वाजतो आणि चालायला मजा येते. नऊ-दहाला वरचा इंचभर मऊ होतो. दुपारी त्याच जागी पाय पोटरीपर्यंत जातो. उतार तोच, पहाटे पाचला भक्कम आणि दुपारी एकला भरवशाचा नाही. आपण बॅच कोणत्या तारखेची घ्यायची यावर महिनाभर चर्चा करतो. त्या उताराखाली किती वाजता असणार, हे मात्र कुणी विचारत नाही.

रुपिनचं घ्या. धौलाहून निघून झाका, धंदेरास थाच (थाच म्हणजे डोंगरातलं कुरण), धबधब्याच्या वरचा कॅम्प असं करत रती फेरीच्या कॅम्पपुढे खिंडीखालची ती शेवटची घळ लागते. दोन्ही बाजूंना कडे आणि मधे बर्फाचा उभा पट्टा. गाईड पुढे जाऊन आइस-अ‍ॅक्सने पायऱ्या खोदतो आणि मंडळी एकामागे एक चढतात. तुम्ही घळीत असताना वरून दगड सुटला काय किंवा बर्फ सुटला काय, बाजूला व्हायला जागा नाही. म्हणून रात्री दोन-तीनला उठवतात. त्या वेळी तंबूत चहासाठी घोळ घालून अर्धा-पाऊण तास घालवणारा माणूस मागच्या सगळ्यांना घळीत उन्हाच्या वेळेला आणून ठेवतो.

आणखी एक. सह्याद्रीत मळलेली वाट दिसली की जीव भांड्यात पडतो. वाट मळलेली आहे म्हणजे पुढे जाते, गावाला लागते. बर्फावर हा हिशेब लावू नका. कालच्या पावलांवरून इतकंच कळतं की काल, त्या वेळेला, तो उतार टिकला होता.

---

पहिली_स्वारी

खूप उपयोगी. आम्ही चौघी मैत्रिणी मेच्या मधल्या बॅचने सार पासला जातोय. एक शंका. रात्री बर्फ नीट गोठला की नाही हे आमच्यासारख्यांना कसं कळणार? थंडी तर आम्हाला तशीही वाजणारच!

---

घाटमाथा

थंडी वाजते यावर जाऊ नकोस. रात्री तंबूबाहेर येशील तेव्हा वर बघ. आभाळ स्वच्छ, चांदण्या लखलखीत, तर बर्फ आपली उष्णता आकाशात सोडतो आणि हवा शून्याच्या दोन-तीन अंश वर असली तरी पृष्ठभाग गोठतो. ढग असतील तर ती उष्णता अडते आणि बर्फ रात्रभर ओलाच राहतो. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला हे शिकवावं लागत नाही. आभाळ निरभ्र असलं की त्या रात्री पारा घसरणार आणि ढग आले की ऊब राहणार, हे तो जाणून असतो. बर्फालाही तोच नियम.

पहाटे निघताना वाटेवर न चालता मुद्दाम दोन पावलं बाजूच्या न तुडवलेल्या बर्फावर टाक. वाटेवरचा बर्फ दाबून दाबून घट्ट झालेला असतो, तो फसवतो. बाजूला पूर्ण वजन टाकूनही कवच फुटलं नाही तर ठीक. ट्रेकिंग पोल जोरात खुपस. नुसतं दोन बोटांचं कवच आणि खाली ओला भुगा लागला, तर ते कवच ऊन आल्यावर फार वेळ टिकणार नाही. सार पासच्या आधीच्या नागरूच्या कॅम्पवर पहाटे निघतानाच पाय घोट्याच्या वर रुतायला लागला, तर मी तरी त्या दिवशी लीडरला विचारल्याशिवाय पुढे पाऊल टाकणार नाही.

वर चढताना हातात मूठभर बर्फ घेऊन दाबत राहा. गोळा होत नाही तोवर कोरडा. गोळा झाला की ओल आली. पाणी ठिबकलं की तिथे थांबायचं नाही.

---

कोकणकडा

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण थोडी भीती जास्त घातली जातेय असं मला मनापासून वाटतं. सार पासला यूथ हॉस्टेलच्या मोहिमेत दर मे महिन्यात रोज एक तुकडी वर जाते. शाळेतली पोरं, साठीचे आजोबा, सगळे जाऊन येतात. हिमालयाची पहिली ओळख तिथेच झालेली माणसं या फोरमवर ढिगाने असतील. हे वाचून एखादी आई पोराला पाठवणारच नाही, त्याचंही वाईट वाटतं.

---

रानपाखरू

@कोकणकडा, तुमचं म्हणणं पटतं. पोरांनी जायलाच हवं. या मोहिमा वर्षानुवर्षं नीट होतात त्यामागे पहाटे निघण्याची शिस्त आहे, स्थानिक गाईडची नजर आहे आणि हवा बिघडली की तुकडी खाली थांबवण्याची पद्धत आहे. ही शिस्त कशासाठी आहे हे माहीत असलं की माणूस ती मनापासून पाळतो. नाहीतर ‘काय हे मिलिटरीसारखं’ म्हणून कुरकुर सुरू होते.

मी मनालीच्या पर्वतारोहण संस्थेत बेसिक कोर्स केला. तिथे प्रशिक्षकांनी पहिल्यांदा डोक्यात भरवलं ते हे की पायाखालच्या उतारापेक्षा डोक्यावरचा उतार आधी बघा. हिमस्खलन बहुतेक करून ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतं. त्याहून सौम्य उतारावर बर्फ टिकतो, त्याहून उभ्या कड्यावर तो साठतच नाही, थोडा थोडा गळत राहतो. तुम्ही चालताय ती जागा सपाट असेल, थाच असेल, चहा प्यायला झकास असेल. पण वर दीडशे मीटरवर ३८ अंशांचा उतार असेल तर तिथला बर्फ तुमच्या चहापर्यंत येतो. मोबाईलमध्ये कोन मोजायची सोय असते, पोल उताराच्या रेषेत धरून त्यावर फोन ठेवला की आकडा मिळतो. घरून निघायच्या आधी आपल्या टेकडीवर सराव करा. ३५ अंश कसे दिसतात याचा आपला अंदाज सहसा चुकतो.

आणि ज्यांना वाटतं की हा फक्त ट्रेकर लोकांचा विषय आहे, त्यांच्यासाठी. ४ एप्रिल २०२३ ला गंगटोकहून नथुलाला जाणाऱ्या जवाहरलाल नेहरू मार्गावर दुपारी बाराच्या सुमारास हिमस्खलन झालं आणि सात पर्यटक गेले. गाडीने फिरायला आलेली साधी माणसं होती. महिना आणि वेळ, दोन्ही नीट बघा.

---

सांगलीकर_ताई

हे वाचून काळजात धस्स झालं. माझे सासू-सासरे एप्रिलच्या शेवटी टूरबरोबर सिक्कीमला जाणार आहेत, त्यात नथुला आहे. त्यांना काय सांगू?

---

रानपाखरू

ताई, जाऊ देत त्यांना, काळजी नको. रस्ता प्रशासनाने खुला ठेवला असेल तरच गाड्या सोडतात. फक्त तीन गोष्टी त्यांच्याशी फोनवर बोला. जिथपर्यंत परवानगी आहे त्याच्या पुढे ड्रायव्हरला आग्रह करून जायचं नाही. बर्फात खेळायला उतरायचं ते सपाट, मोकळ्या जागी, डोंगराच्या पायथ्याशी किंवा नाल्याच्या तोंडाशी नाही. आणि रस्त्याच्या कडेला मातकट, ढेकळाढेकळांचा बर्फाचा ढीग दिसला तर तिथे फोटोला थांबायचं नाही. तो ढीग वरून आलेला असतो आणि पुढचाही तिथेच येतो.

---

सांगलीकर_ताई

धन्यवाद, आजच सांगते. सासऱ्यांना फोटोंची फार हौस आहे.

---

सिएटलकर

इकडे वॉशिंग्टन राज्यात कॅस्केड पर्वतरांगेत आम्ही काही मराठी मंडळी हिवाळ्यात आणि वसंतात स्नोशू, स्कीइंग करतो. इथला ओला, जड बर्फ प्रसिद्ध आहे, त्यामुळे या धाग्याशी थेट संबंध.

अमेरिकेतलं सगळ्यात जीवघेणं हिमस्खलन आमच्याच राज्यात झालं, १ मार्च १९१० रोजी, स्टीव्हन्स पासजवळच्या वेलिंग्टन या छोट्या रेल्वे स्थानकावर. अनेक दिवस हिमवादळ चाललं होतं, गाड्या अडकून पडल्या होत्या. मग हवा उबदार झाली, विजा कडाडल्या, पाऊस पडला आणि मध्यरात्रीनंतर वरचा उतार सुटला. दोन्ही गाड्या दरीत गेल्या, ९६ माणसं गेली. भरपूर बर्फ आणि त्यावर पाऊस, हे समीकरण इथल्या प्रत्येक प्राथमिक वर्गात या घटनेने शिकवतात. पावसाचं पाणी बर्फाचं वजन वाढवतं आणि त्याच वेळी त्याची पकड सोडवतं. मे महिन्यात साडेतीन हजार मीटरला पाऊस पडू शकतो, हे तुम्ही हिमालयवाल्यांनी लक्षात ठेवा. तंबूवर रात्री टपटप (पावसाचा) आवाज येतोय की सळसळ (बर्फाची), हेही ऐकून ठेवा.

दुसरा मुद्दा अंदाजाचा. इथे हिवाळाभर रोज सकाळी पाच पातळ्यांचा धोक्याचा अंदाज निघतो, उंची आणि दिशेप्रमाणे. नवख्यांना वाटतं तिसरी पातळी म्हणजे मधली, म्हणजे चालेल. सगळ्यात जास्त माणसांचा जीव तिसऱ्याच पातळीला जातो. चौथ्या-पाचव्याला लोक घरी बसतात. भारतात काय व्यवस्था आहे?

---

घाटमाथा

@सिएटलकर, टपटप-सळसळ हा मुद्दा फार कामाचा.

भारतात डीआरडीओची संस्था आहे. आधी मनालीची ‘सासे’ (हिम आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी) होती, २०२० मध्ये तिचं दुसऱ्या प्रयोगशाळेशी विलीनीकरण होऊन डीजीआरई झाली, मुख्यालय चंदीगडला. जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीम इथले जिल्हावार इशारे ती देते. मूळ गरज लष्कराची आणि सीमेवरच्या रस्त्यांची. जिल्ह्याला इशारा असेल तर ट्रेक पुढे ढकलायचा, यात वाद नाही. पण इशारा नाही म्हणजे रुपिनची घळ ठीक आहे, असा उलटा अर्थ काढता येत नाही. संपूर्ण जिल्ह्यासाठीच्या ओळीतून एका घळीची हालत कळणार नाही. ते तिथे उभं राहूनच बघावं लागतं.

रस्ते आणि छावण्याही सुटत नाहीत. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथच्या पुढे माणा गावाजवळ सीमा सडक संघटनेच्या कामगारांच्या छावणीवर हिमस्खलन आलं. ५४ कामगार त्यात अडकले, आठ जण गेले. लष्कर आणि आयटीबीपी जवळच होते म्हणून ४६ जण वाचवता आले. आपल्या ट्रेकला तशी मदत तासाभरात पोचेल अशी कल्पनाही करू नये.

दिशेबद्दल राहिलं होतं. पूर्वेकडे तोंड असलेले उतार सूर्य उगवल्याबरोबर तापतात, मग दक्षिणेचे, दुपारनंतर पश्चिमेचे. उत्तरेचे उतार सगळ्यात उशिरा. पण तेवढ्यावरून उत्तरेचा उतार चांगला समजू नका. तिथे हिवाळ्यातले कच्चे थर जास्त दिवस जसेच्या तसे राहतात आणि मेच्या एखाद्या उष्ण आठवड्यात पहिल्यांदा पाणी तिथवर पोचतं. त्या आठवड्यात मोठे पापुद्रे सुटतात.

आणि नव्या बर्फाचं सांगायलाच हवं. एप्रिल-मेमध्येही पश्चिमी झंझावात येतात, वर फूट-दोन फूट बर्फ टाकतात. दुसऱ्या दिवशी आभाळ निळंशार, सगळं पांढरंशुभ्र, ग्रुपमध्ये आनंदीआनंद. नव्या बर्फानंतरच्या पहिल्या उन्हाची ही सकाळ मला सगळ्यात जास्त धास्तावते. दहाच्या सुमारास उतारावर बर्फाचे छोटे गोळे आपोआप घरंगळायला लागतात, मागे रेघा सोडत. सुरुवातीला लिंबाएवढे, मग नारळाएवढे. खडकांच्या कडेने आधी, कारण खडक तापतो. ते गोळे दिसले की उताराखालून बाहेर पडायचं. ‘दुसऱ्या ग्रुपचं काय ठरलंय बघू’ असं म्हणत थांबायचं नाही.

---

पहिली_स्वारी

ते सिग्नल देणारं यंत्र असतं ना, बर्फात गाडलेला माणूस शोधायचं, ते भाड्याने मिळालं तर न्यावं का?

---

सिएटलकर

एकटीने नेऊन उपयोग नाही. ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर सिग्नल पाठवतो आणि पकडतो, म्हणजे शोधणाऱ्याकडेही तो लागतो. शिवाय नेमकी जागा टोचून बघायला लांब प्रोब, उपसायला धातूचं फावडं, आणि हे सगळं वापरण्याचा सराव. पूर्ण गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुतेक वेळा जगतो. त्यानंतर गुदमरल्याने शक्यता झपाट्याने घसरते. वसंतातला ओला बर्फ कोरड्यापेक्षा सावकाश येतो, पण थांबला की जागच्या जागी घट्ट बसतो. हाताने उकरता येत नाही, आत अडकलेल्याला बोटसुद्धा हलवता येत नाही.

मेमधल्या नेहमीच्या ट्रेकवर कुणाकडेच ही साधनं नसतात. तेव्हा तुमच्या हातात एवढंच उरतं की धोक्याचा पट्टा एकेकाने, अंतर ठेवून, न थांबता पार करायचा. बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची. एका वेळी एकच माणूस धोक्यात, म्हणजे काही झालंच तर शोधायला बाकीचे शिल्लक.

---

वाटाड्या

बरंच चांगलं लिहिलंय सगळ्यांनी. मी बरीच वर्षं ग्रुप घेऊन जातोय, म्हणून दोन-तीन गोष्टी.

घसरगुंडी. सार पासवरून बिस्केरीच्या बाजूला बसून घसरत जाणं हे अनेकांचं ट्रेकमधलं आवडतं. जरूर करा, पण खालचा शेवट दिसत असेल तरच, खाली दगड किंवा नाला नसेल तरच, आणि क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे दाते) काढूनच. क्रॅम्पॉनचा दात अडकला की घोटा मोडतो. चार-पाच जणांची रेल्वे करून एकदम घसरू नका. ओल्या उतारावर एवढा भार एका दमात टाकायचं काही कारण नाही.

बर्फाचे पूल. नाल्यांवरचा बर्फ वरून जाड दिसतो, खालून पाणी त्याला रोज खात असतं. पहाटे ज्या पुलावरून गेलात त्यावरून दुपारी परत येताना तो तोच पूल आहे असं धरू नका. मधे खोलगट झालेला, करडा, भेग पडलेला पूल टाळा. पाण्याचा आवाज मोठा येतोय तिथे बर्फ पातळ.

माथ्यावरची बर्फाची छज्जी. वाऱ्याने खिंडीच्या पलीकडच्या बाजूला बर्फ पुढे वाढत जातो आणि खाली पोकळ असतो. फोटोसाठी टोकाला जाणारे खूप. छज्जी तुटते ती टोकापासून नाही, बरीच मागून तुटते. बुरान घाटीच्या माथ्यावर जागाच कमी असते, पुढे बरुआच्या बाजूला दोर लावून उतरावं लागतं, तिथे तर गाईडने सांगितलेल्या जागेवरच उभं राहायचं.

आता मला मनापासून जे बोलायचंय ते. आपल्या आधी दोन तास खिंड ओलांडून पुढच्या कॅम्पला तंबू लावणारी माणसं असतात. पाठीवर वीस-पंचवीस किलो, पायात कित्येकदा साधे बूट. धोक्याच्या पट्ट्यातून ती माणसं आपल्यापेक्षा जास्त वेळा जातात. १८ एप्रिल २०१४ ला एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळला तेव्हा गेलेले सोळाच्या सोळा जण नेपाळी कामगार होते, मोहिमांची वाट आणि सामान तयार करणारे. बुकिंग करताना विचारा, पोर्टरना मायक्रोस्पाइक (बुटावर चढवायचे छोटे खिळे) देता का, त्यांचा विमा आहे का. गिऱ्हाइकाने विचारलं की फरक पडतो, हे मी बघितलं आहे.

आणि त्यांचं ऐका. गद्दी मेंढपाळ आपले कळप घेऊन धौलाधारच्या खिंडी घाईने ओलांडत नाहीत, बर्फ बसायची वाट बघत खाली थांबतात. ज्याची अख्खी पुंजी त्या मेंढरांत आहे तो माणूस थांबतोय आणि आपण दिल्लीहून कन्फर्म तिकीट आहे म्हणून पुढे जातोय, हे कितपत बरोबर? मी पाहिलेल्या बहुतेक चुकीच्या निर्णयांमागे परतीचं तिकीटच होतं. ‘आज नाही’ असं गाईड हळू आवाजात एकदाच म्हणतो. मग आपल्यातले चार जण त्याला समजावायला लागतात, तोही नोकरीचा माणूस, नाईलाजाने निघतो.

---

कोकणकडा

@वाटाड्या, हे शेवटचं फार खरं आहे. माझा आधीचा प्रतिसाद तसाच ठेवतो, पोरांनी जावंच, पण राखीव दिवसाशिवाय हिमालयाचा बेत करू नये हे मी आता आमच्या क्लबच्या पत्रकातच घालायला सांगणार आहे. परतीचं आरक्षण एक दिवस उशिराचं करायचं. दिवस वाचला तर दिल्लीत फिरता येतं.

---

पहिली_स्वारी

आज आयोजकांशी बोलले. पोर्टरना स्पाइक देतात, विमा आहे. राखीव दिवस नाही. परत फिरायची वेळ ठरलेली असते का, यावर ‘लीडर परिस्थिती बघून ठरवतो’ असं उत्तर मिळालं. हे पुरेसं आहे का? आणि बॅच पुढची घ्यावी का?

---

घाटमाथा

लीडरने ठरवायचं हे बरोबरच आहे, पण आदल्या संध्याकाळी सगळ्यांसमोर त्याला विचार की उद्या किती वाजेपर्यंत माथ्यावर पोचलो नाही तर मागे फिरायचं. त्याने एकदा सगळ्यांसमोर आकडा सांगितला की सकाळी त्याला तो पाळणं सोपं जातं, आणि तुम्ही चौघी त्याच्या बाजूने असाल.

राखीव दिवस त्यांच्याकडे नसला तरी तुमच्या तिकिटात ठेवा. बॅच आत्ताच बदलू नकोस. निघायच्या आधीचे आठ-दहा दिवस कुल्लू भागाचं हवामान रोज बघ. त्या काळात मोठा बर्फ पडून लगेच कडक ऊन आलं, किंवा ढगाळ उबदार रात्री सलग आल्या, तर आयोजकांना फोन करून वरच्या कॅम्पची खबर विचार आणि तेव्हा पुढच्या बॅचचं बोल. काळा गॉगल विसरू नका, चौघींचाही, एक जादाचा सुद्धा. नागरूहून पहाटे निघताना तो सॅकच्या तळाशी न ठेवता जॅकेटच्या खिशात ठेवा.